'कुणाला येतंय का हे?' असं विचारायची जागा

विंडोज १०ची एक्स्पायरी झाली, जुन्या लॅपटॉपचं काय करायचं कळेना. 'डिजिटल स्वावलंबना'च्या गप्पा तर रोजच्याच. या सगळ्यात एक जुनी, साधी आणि फुकट गोष्ट आपण विसरून गेलोय : शहरातला युजर ग्रुप.

तुमचा लॅपटॉप किती वर्षांचा आहे? घरातल्या मोठ्या भावंडाचा वापरताय, की सेकंडहॅन्ड घेतलाय? मग ही तारीख तुमच्या ओळखीची असेल : १४ ऑक्टोबर २०२५. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०चा नेहमीचा मोफत सपोर्ट थांबवला. म्हणजे मशीन बंद पडलं नाही, उद्याही सुरू होईल. पण सुरक्षेचे अपडेट यायचे थांबले. नव्यानं सापडणारं प्रत्येक भोक आता उघडंच राहणार. वर्षभरासाठी जादा अपडेट घेण्याची सोय कंपनीनं ठेवली, पण ती झाली मुदतवाढ, उत्तर नव्हे.

मग विंडोज ११ टाकावं म्हटलं तर तिथंही गोची. त्याला 'टीपीएम २.०' नावाची सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. म्हणजे २०१६-१७चे उत्तम चालणारे लॅपटॉप कागदोपत्री बाद. कीबोर्ड ठीक, स्क्रीन ठीक, बॅटरी बदलली की पळतंय, पण भंगारात! तीस-चाळीस हजारांचा नवा लॅपटॉप घेणं ज्याच्या घरी सहज जमतं त्याला हा प्रश्नच नाही. ज्याला जमत नाही, त्यानं काय करायचं?

युरोपातल्या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी यावर 'एंड ऑफ १०' नावाची मोहीम काढली. तिचं म्हणणं सोपं आहे : नवा लॅपटॉप घेऊ नका, आहे त्यावरच लिनक्स टाका. पण या मोहिमेतली खरी महत्त्वाची गोष्ट लिनक्स नाही. 'हे तुम्हाला एकट्याला जमणार नाही असं वाटत असेल, तर तुमच्या जवळच्या ग्रुपकडे जा, तिथली माणसं शेजारी बसून करून देतील,' असं ती सांगते. शेजारी बसून! २०२५ साली, चॅटबॉटच्या जमान्यात.

वरच्या गप्पा आणि खालचा प्रश्न

दुसरीकडे आणखी एक चर्चा जोरात आहे. जुलै २०२५मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टनं नायरा एनर्जी या भारतातल्या तेलशुद्धीकरण कंपनीच्या सेवा थांबवल्या. कंपनी दिल्ली हायकोर्टात गेली, सेवा काही दिवसांत परत सुरू झाल्या. पण ईमेलचं बटण परदेशातून कुणी बंद करू शकतं, हे सगळ्यांना दिसलं. त्यानंतर 'स्वदेशी सॉफ्टवेअर'ची हाक आली, केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचं ईमेल झोहोच्या यंत्रणेवर गेल्याच्या बातम्या आल्या.

चांगलंच आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्या. एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे गेल्यानं फक्त मालक बदलतो. मशीन आपल्याला किती कळतं, हा प्रश्न तसाच राहतो. काही बिघडलं तर आपण कस्टमर केअरलाच फोन लावणार. स्वावलंबन म्हणायचं तर गावात, कॉलेजात, शहरात अशी माणसं हवीत ज्यांना आतलं कळतं आणि जी ते दुसऱ्याला सांगतात. ती तयार कशी होतात? क्लास लावून? सर्टिफिकेट घेऊन? इतिहास वेगळंच सांगतो.

एका गॅरेजातली सुरुवात

५ मार्च १९७५. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क गावी गॉर्डन फ्रेंच नावाच्या माणसाच्या गॅरेजमध्ये तीसेक जण जमले. निमित्त होतं 'अल्टेअर ८८००' या कॉम्प्युटरचं. सुमारे ४०० डॉलरला सुटे भाग मिळायचे आणि जोडणी आपली आपण करायची. त्याला ना स्क्रीन, ना कीबोर्ड. पुढं नुसती बटणं आणि लुकलुकणारे दिवे. मेमरी किती? २५६ बाइट! आज आपण व्हॉट्सॲपवर टाकतो तो एक परिच्छेदही त्यात मावणार नाही.

जमलेल्यांपैकी अनेकांचा प्रश्न एकच : याचं करायचं काय? उत्तर एकट्याकडे नव्हतं, म्हणूनच तर ते एकत्र आले. यातून जो ग्रुप उभा राहिला तो 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब'. फ्रेंचबरोबर तो सुरू करणारा फ्रेड मूर हा मुळात युद्धविरोधी कार्यकर्ता. पुढं सभा चालवणारा ली फेल्सेनस्टाइन याने १९७३ साली बर्कलीतल्या एका रेकॉर्डच्या दुकानात लोकांसाठी खुलं टर्मिनल ठेवण्याच्या प्रयोगात काम केलं होतं. कुणीही यावं, सूचना टाइप करावी, दुसऱ्यानं ती शोधावी. वादक साथीदार शोधायचे, कुणी आणखी काही. कॉम्प्युटर म्हणजे सरकारचं आणि बड्या कंपन्यांचं मोठं धूड, हा तेव्हाचा समज. ते सामान्य माणसाच्या हाती यावं, अशी या मंडळींची ओढ होती.

सभेची पद्धत बघा, आजही उचलण्यासारखी आहे. आधी एकेकानं उभं राहून आपण काय करतोय, कुठं अडलोय, कुणाला काय हवंय ते सांगायचं. त्यानंतर मोकळा वेळ. ज्याला ज्याच्याशी बोलायचंय त्यानं त्याला गाठायचं. भाषण कमी, घोळके जास्त.

पहिल्याच सभेला स्टीव्ह वॉझनियॅक हजर होता. ह्युलेट-पॅकार्डमधला लाजाळू इंजिनीअर. त्यानं स्वतःच्या कॉम्प्युटरचे आराखडे क्लबात फुकट वाटले, इतरांना जोडणीत मदत केली. तोच पुढं 'ॲपल-१' म्हणून विकला गेला. मशीन बनवायचं कारण काय, तर क्लबात दाखवायचं होतं! या क्लबातल्या माणसांनी पुढं वीसहून जास्त कंपन्या काढल्या. पण क्लबात येताना 'स्टार्टअप' काढायला कुणी आलं नव्हतं.

आणि पहिलं भांडण

सगळंच गोडीगुलाबीचं होतं असं मात्र नाही. १९७५मध्येच अल्टेअरसाठी बिल गेट्स आणि पॉल ॲलननं लिहिलेल्या 'बेसिक'ची कागदी टेप क्लबातल्या एकाच्या हाती लागली. त्याच्या कॉप्या निघाल्या आणि सभेत वाटल्या गेल्या. अट एकच : एक न्यायची, पुढच्या वेळी दोन आणायच्या. म्हणजे आपल्या झेरॉक्सच्या दुकानात नोट्स फिरतात तसंच.

गेट्स भडकला. ३ फेब्रुवारी १९७६ची तारीख टाकून त्यानं हौशी मंडळींना जाहीर पत्र लिहिलं. मुद्दा असा : हार्डवेअरला पैसे मोजता आणि सॉफ्टवेअर मात्र ढापता, मग चांगलं सॉफ्टवेअर लिहिणार कोण?

प्रश्न अगदीच चूक नव्हता. दुसऱ्याच्या कष्टाची चोरी आणि आपल्या कष्टाचं वाटप यात फरक आहेच. या पेचाला नीट उत्तर मिळायला काही वर्षं गेली. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमननं 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला : चोरायचं नाही, आपणच लिहायचं, आणि कॉपी करायला, बदलायला, वाटायला परवान्यातच हक्क द्यायचा. १९९१मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं स्वतःचा कर्नल लोकांसमोर ठेवला. दोन्ही मिळून आज ज्याला आपण लिनक्स म्हणतो ते झालं. वाटणं कायदेशीर झालं आणि युजर ग्रुपना नवं काम मिळालं.

तोवर अमेरिकेत क्लब खूप वाढले होते. 'बॉस्टन कॉम्प्युटर सोसायटी' १९७७मध्ये जोनाथन रोटेनबर्ग या अवघ्या १३ वर्षांच्या मुलानं सुरू केली. भरात असताना तिचे ३० हजारांवर सभासद होते. आणि १९९६मध्ये ती बंद पडली. होमब्रू तर त्याआधीच, १९८६ साली थांबला. लोकांना कॉम्प्युटर सरावाचे झाले, दुकानातच मदत मिळू लागली. पुढं इंटरनेट आलं. ग्रुप का मरतात हे समजायला ही दोन नावं लक्षात ठेवा.

आपल्याकडे सीडीतून आलेलं लिनक्स

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ला, विदेश संचार निगमकडून. टेलिफोनच्या तारेवरून, डायल-अप. आता जरा गणित करा. ६५० एमबीची एक सीडी २८.८ केबीपीएसच्या मोडेमवरून उतरवायची तर सलग पन्नास तास लागतील. तोवर घरचा फोन एंगेज, बिल चालू आणि लाइन मध्येच तुटली की रामराम.

त्यामुळं १९९६मध्ये 'पीसी क्वेस्ट' मासिकानं अंकाबरोबर लिनक्सची सीडी दिली, तेव्हा ती पोरांच्या हाती लागलेली लॉटरीच होती. सीडी मिळाली, पण टाकायचं कसं? साउंड कार्ड चालेना, मोडेम ओळखेना, चुकीचं पार्टिशन उडालं तर बाबांच्या फाइली गायब. यातूनच शहराशहरांत 'लिनक्स युजर ग्रुप' उभे राहिले, म्हणजे 'लग'. मुंबई, पुणे, बंगळुरू, दिल्ली, चेन्नई, कोची. चेन्नईचा ग्रुप महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आयआयटी मद्रासमध्ये जमायचा. पुण्याचा 'प्लग', म्हणजे पुणे लिनक्स युजर ग्रुप. मॉडेल कॉलनीतल्या सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत त्याच्या सभा भरायच्या. ना फी, ना फॉर्म. त्याच संस्थेतले विद्यार्थी आणि 'प्लग'ची मंडळी मिळून 'ग्नूनिफाय' नावाचा महोत्सव भरवायचे. तिथं नामांकित प्रोग्रामर आणि फर्स्ट इयरची मुलं एकाच कट्ट्यावर चहा पिताना दिसायची.

या ग्रुपचा सगळ्यात लाडका कार्यक्रम 'इन्स्टॉलफेस्ट'. आपलं मशीन उचलून आणायचं, जाणकार शेजारी बसणार, आणि लिनक्स चालू झाल्याशिवाय घरी जायचं नाही. गंमत अशी की, या वेळी ज्याला मदत मिळाली तोच पुढच्या वेळी दुसऱ्याच्या शेजारी बसायचा. शिकणारा आणि शिकवणारा यातलं अंतर फार तर दोन महिन्यांचं! कुठल्याच क्लासमध्ये हे होत नाही.

बरं, हे सगळं मोठ्या शहरांचं, असं म्हणाल तर पश्चिम बंगालमधलं दुर्गापूर बघा. पोलाद कारखान्याचं गाव. २००४मध्ये तिथं लिनक्स ग्रुप सुरू झाला. २००८पासून त्यांनी दर उन्हाळ्यात ऑनलाइन प्रशिक्षण सुरू केलं. व्हिडिओ नाही, नुसतं टायपिंगचं चॅट, कारण स्वस्त आणि कमजोर कनेक्शनवरही ते चालतं. प्रश्न विचारायचा तर आधी नुसतं उद्गारचिन्ह टाइप करायचं, वर्गात हात वर करतात तसं, आणि नंबर येईपर्यंत थांबायचं. यातून तयार झालेली मुलं मोठ्या मुक्त प्रकल्पांत पोहोचली. फी? शून्य.

आचारी आणि आचार्य

या ग्रुपनी समाजाला काय दिलं, याचं सगळ्यात जवळचं उदाहरण म्हणजे तुम्ही आत्ता वाचताय ती लिपी.

'आचार्यास जेवू घातले' आणि 'आचाऱ्यास जेवू घातले' या दोन वाक्यांत पंक्तीला बसलेला माणूस बदलतो. एकात गुरुजी, दुसऱ्यात स्वयंपाकी. फरक एवढाच की, एकात र वर रफार होऊन बसतो, दुसऱ्यात तो आडवा होतो. दऱ्या, वाऱ्यावर, तऱ्हा. हिंदीला हा आडवा र लागत नाही. म्हणून नुसती हिंदी डोळ्यांपुढं ठेवून देवनागरीची सोय केली की मराठीचा घोटाळा होतो. मराठी वळणाचे ल आणि श यांचंही तसंच. हे कुणाला खटकणार? मराठी वाचणाऱ्यालाच. कॅलिफोर्नियातल्या इंजिनीअरला ते कळायला कुणीतरी 'हे चुकलंय' असं लिहून कळवावं लागतं, नमुना द्यावा लागतो, दुरुस्त झालं का ते तपासावं लागतं.

लिनक्सवर मराठी दिसू लागली त्यामागं अशी कामं आहेत. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकनं घडवलेले 'लोहित' फॉन्ट रेड हॅटनं मुक्त परवान्याखाली सगळ्यांना दिले. ते वापरून बघणं, चुका कळवणं, फाइल, फोल्डर, सेटिंग यांना मराठी शब्द शोधणं ही कामं मात्र हौशी माणसांच्या जिवावर चालतात. फायरफॉक्स, लिबरऑफिस मराठीत उघडतात ते त्यामुळंच. केरळात याच वृत्तीनं २००२मध्ये 'स्वतंत्र मलयाळम कम्प्युटिंग' उभं राहिलं, आणि तिथल्या सरकारी शाळांमध्ये मुक्त सॉफ्टवेअर रुजलं. तिथं सरकारचं धोरण होतंच, पण ते राबवताना हाताशी माणसंही होती.

मग ग्रुप ओसरले का?

एक कारण चांगलं आहे : गरज कमी झाली. आज लिनक्स पेनड्राइव्हवरून अर्ध्या तासात बसतं. दुसरं, अडलं की यूट्यूब आहे. तिसरं ताजं : चॅटबॉट. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या जागेवर येणारे नवे प्रश्न नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून झपाट्यानं घटलेत. उत्तर मिळतंय ना, मग वाईट काय?

वाईट एवढंच की, तुमच्या चॅटमधलं उत्तर तुमच्यापुरतंच राहतं. तुम्ही चारचौघांत प्रश्न विचारता तेव्हा शेजारच्यालाही कळतं की हे आपल्यालाही येत नव्हतं. शिवाय चॅटबॉट तुम्ही न विचारलेलं सांगत नाही. 'अरे, हे करूच नको, त्यापेक्षा ते बघ,' असं सांगणारी सीनियर ग्रुपमध्येच भेटते. आणि रिझ्युमेवर लिहायला ठीक असलेली वीस सर्टिफिकेटं विरुद्ध 'हिनं माझ्यासमोर हे मशीन दुरुस्त केलं' असं म्हणणारी एक ओळखीची व्यक्ती, यात नोकरीच्या वेळी वजन कशाला असतं ते वेगळं सांगायला नको.

पण ग्रुपचे दोषही मान्य करायला हवेत. होमब्रू जवळजवळ पूर्ण पुरुषांचा होता, आणि आपल्याकडच्या सभांतही मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असायच्या. 'पायलेडीज'सारखे वेगळे ग्रुप, ज्याची शाखा पुण्यातही झाली, उगाच निघाले नाहीत. दुसरा दोष मग्रुरीचा. नवख्यानं साधं काही विचारलं की 'आधी मॅन्युअल वाचून ये' म्हणून हाकलायचं. तिसरा इंग्रजीचा. ज्याला नीट इंग्रजी येत नाही तो मागच्या बाकावर गप्प. आणि चौथा, सगळ्यात घातक : सगळं एकाच उत्साही माणसावर. त्याची बदली झाली, लग्न झालं, परदेशी गेला की ग्रुप संपला.

आजच्या टेक मीटअपचं दुखणं वेगळं आहे. कंपनीचं ऑफिस, पिझ्झा, टी-शर्ट, स्टिकर आणि शेवटी 'आमच्याकडे जागा आहेत'. यात गैर काही नाही, पण तिथं तुमचा बिघडलेला लॅपटॉप घेऊन गेलात तर सिक्युरिटीच अडवेल. प्रेक्षक म्हणून बसणं आणि सभासद असणं या दोन गोष्टी वेगळ्या.

आत्ताच का?

कारण आत्ता पुन्हा एकदा गरज आणि माणसं एका जागी आहेत. कॉलेजात जुने लॅपटॉप आहेत, अपडेट थांबलेत, आणि ज्याला चार कमांड येतात असा एक तरी जण प्रत्येक वर्गात आहे. १९७५ला अल्टेअर होता, १९९६ला सीडी होती. आज विंडोज १०चा लॅपटॉप आहे. निमित्त बदललं, काम तेच.

खोटं आश्वासन मात्र नको. लिनक्स सगळ्यांना चालणार नाही. ऑटोकॅड, फोटोशॉप, टॅलीसारखी सॉफ्टवेअर तिथं सरळ चालत नाहीत. ज्याचा प्रोजेक्ट त्यावर अवलंबून आहे त्याला ग्रुपनं तसं स्पष्ट सांगावं. पण टायपिंग, प्रेझेंटेशन, कोडिंग, ब्राउझर, सिनेमा एवढंच ज्याचं काम आहे, त्याचा लॅपटॉप आणखी चार-पाच वर्षं सहज निघेल. घरात एवढे पैसे वाचणं ही छोटी गोष्ट नाही.

आणि हे करताना जे शिकाल ते सिलॅबसमध्ये नाही. पार्टिशन म्हणजे काय, बॅकअप का घ्यायचा, एरर मेसेज घाबरून बंद करण्याऐवजी वाचायचा कसा. मुख्य म्हणजे 'मला हे येत नाही' हे मोठ्यानं म्हणायची सवय. देशाचं डिजिटल स्वावलंबन वगैरे मोठ्या गोष्टी दिल्लीत ठरतील तेव्हा ठरतील. त्याची तालीम कॉलेजच्या लॅबमध्ये एखाद्या शनिवारी करता येते, आणि त्यासाठी कुणाचीही मंजुरी लागत नाही. लॅबची किल्ली तेवढी सरांकडून मागून घ्या!

चौकट : ग्रुप सुरू करायचाय?

• जागा आणि दिवस पक्का ठेवा. 'दर महिन्याचा पहिला शनिवार' म्हटलं की तोच. पाचच जण आले तरी सभा होणारच.

• सुरुवातीला प्रत्येकानं एक मिनिटात सांगायचं : मी काय करतोय, कुठं अडलोय. मग घोळके करा.

• इन्स्टॉल करण्याआधी बॅकअप. तो नसेल तर मशीनला हात लावायचा नाही, हा नियम कुणासाठीही मोडू नका. आधी पेनड्राइव्हवरून चालवून दाखवा, वायफाय आणि आवाज तपासा, मगच निर्णय मशीनच्या मालकानं घ्यायचा.

• मराठीत बोला. तांत्रिक शब्द इंग्रजी राहू देत, समजावणं आपल्या भाषेत.

• संयोजक दर सहा महिन्यांनी बदला, आणि पुढची जोडी आधीच ठरवा. त्यात मुली हव्यातच, आणि फर्स्ट इयरचं कुणीतरी.

• जे सुटलं ते लिहून ठेवा. पुढच्या बॅचला तोच प्रश्न पडणार आहे.